कॅशिअर काढला, पण त्याचं काम कुठे गेलं?

जानेवारी २०२६ मध्ये ॲमेझॉनने ‘ॲमेझॉन गो’ आणि ‘ॲमेझॉन फ्रेश’ या नावांची आपली सगळी दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. पहिलं ‘गो’ सिएटलमध्ये लोकांसाठी उघडलं ते २२ जानेवारी २०१८ला. आत शिरा, हवं ते उचला, चालू पडा. बिल फोनवर येईल. गल्ल्यावरच्या माणसाचे दिवस आता भरले, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जात होतं. आठ वर्षांत दुकानंच आवरली. आर्थिक गणित हवं तसं बसलं नाही, असं कंपनीनेच म्हटलं.

माझं मत सांगतो. या दुकानांत कॅशिअरचं काम संपलं नव्हतंच. त्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या लोकांना वाटलं गेलं, आणि त्यातल्या काहींना (म्हणजे गिऱ्हाइकांना) त्याचा पगारही मिळत नाही.

माल स्कॅन करणं हा कॅशिअरच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. तो तर २६ जून १९७४लाच यंत्राकडे गेला, ओहायोतल्या ट्रॉय गावात च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा. उरतं ते अवघड: कोड फाटलाय, भाव जुळत नाही, स्कीमचा साबण मोफत धरायचा की नाही, ही पिशवी तुमची की मागच्या काकूंची, एक वस्तू परत करायची आहे. शंभर वस्तूंत अशा चारपाचच असतात, पण रांग अडते ती त्यांच्यापाशीच.

‘गो’मधली यंत्रणा कशी होती ते बघा. दारात ॲपचा कोड दाखवला की तुमच्या नावाने एक रिकामी टोपली उघडायची. छतावरचे कॅमेरे माणसाचा माग ठेवायचे. फळीखाली वजन मोजणारे सेन्सर असायचे; वजन कमी झालं की काहीतरी उचललं गेलं हे कळायचं. कोणी उचललं आणि काय उचललं, हे कॅमेऱ्याचं चित्र आणि वजनातला फरक जुळवून ठरवायचं. बारकोड वाचलाच जात नसे.

आता हे फसतं कुठे? एकाच कंपनीच्या चार स्वादांच्या वेफर्सची पाकिटं सारख्याच वजनाची असतात; एक उचललं हे काटा सांगेल, कुठलं ते सांगणार नाही. एकाच फळीत दोघांनी हात घातला की हात कोणाचा, हा प्रश्न. दही उचलून बिस्किटांच्या फळीवर ठेवलं की दोन्हीकडचा हिशेब बिघडतो. वरच्या फळीवरची बरणी दुसऱ्या कोणाला काढून दिली, तर ती तुमच्या नावावर पडू शकते. म्हणून प्रत्येक वस्तूला स्वतःची ठरलेली जागा लागते आणि ती दिवसभर तशीच राखायला माणूस लागतो. गल्ल्यावरचा पगार वाचला, तर फळ्या लावणाऱ्याचा वाढला.

जिथे यंत्राला खात्री नसते तिथे माणूस चित्रफीत बघतो. २०२४ साली ‘द इन्फर्मेशन’ या अमेरिकी बातम्यांच्या साइटने बातमी दिली होती, की २०२२ मध्ये दर हजार खरेद्यांपैकी सुमारे ७०० खरेद्या माणसांना तपासाव्या लागल्या. कंपनीचं उद्दिष्ट होतं ५०. आणि हे काम करणारी सुमारे हजार माणसं भारतात होती. ॲमेझॉनने हे अमान्य केलं. ही माणसं मुख्यतः यंत्राला शिकवण्यासाठी चित्रांवर खुणा करतात आणि थोड्याच खरेद्या तपासतात, असं त्यांचं म्हणणं. नेमका आकडा कोणाचाही धरा, सिएटलच्या गल्ल्यावरचं थोडंफार काम आपल्याकडच्या कुठल्यातरी ऑफिसात, बऱ्याच कमी पगारात होत होतं. २०२४च्याच एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘फ्रेश’ दुकानांतून ही यंत्रणा काढून स्कॅनर लावलेल्या ढकलगाड्या आणायचं ठरलं. म्हणजे स्कॅनर परत आला, फक्त तो आता गिऱ्हाइकाच्या हातात.

तंत्रज्ञान फसवं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. विमानतळ आणि स्टेडियममध्ये ते आजही चालतं. तिथे माल मोजका, भाव ठरलेला, नफा जाड आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत झुंबड. किराण्यात यातलं काहीच नसतं.

सेल्फ चेकआउटची, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच स्कॅन करून बिल करायच्या यंत्राची, गोष्ट याहून साधी. स्कॅन केलेली वस्तू पिशवीच्या जागेवर ठेवायची; तिथला काटा ते वजन नोंदीतल्या वजनाशी ताडून बघतो. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्र अडून बसतं आणि मदतनीस येऊन कार्ड लावेपर्यंत हलत नाही. मर्यादा घट्ट ठेवली तर कंपनीने वेष्टन बदललं तरी यंत्र ओरडतं. सैल ठेवली तर हलक्या वस्तू स्कॅन न होताच पिशवीत जातात. मधला मार्ग काढायला आठवड्यागणिक नोंदी दुरुस्त कराव्या लागतात. शिवाय ज्यावर कोडच नाही तिथे गिऱ्हाईक पडद्यावरचं चित्र निवडतं. बासमती ठेवून कोलमचं बटण दाबलं तर काटा काय बोलणार? वजन तेवढंच. इंग्लंडमधल्या बूथ्स या साखळीने २०२३च्या नोव्हेंबरात २८ पैकी दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडची ही यंत्रं काढायचं ठरवलं. अमेरिकेत डॉलर जनरलने २०२४ मध्ये हजारो दुकानांतून ती हटवली, मुख्यतः मालाची तूट वाढली म्हणून. तिथल्याच टार्गेट या साखळीने सेल्फ चेकआउटला दहा वस्तूंची मर्यादा घातली.

हे सगळं आपल्या सुपरमार्केटात आणायचं म्हटलं तर एक अडचण जास्तीची, आणि ती परदेशी यंत्र विकणाऱ्याच्या सहसा ध्यानात नसते: एमआरपी. आपल्याकडे भाव पाकिटावर छापलेला असतो, पण बारकोडमध्ये तो नसतो. कंपनीने भाव बदलला तरी कोड बहुतेकदा तोच राहतो. जुना आणि नवा माल एकाच फळीवर असला की बिलिंगच्या पडद्यावर दोन एमआरपी येतात. कॅशिअर पाकीट उलटं करतो, शिवणीपाशी शाईने छापलेला बारीक आकडा वाचतो आणि योग्य ओळ निवडतो. दोन सेकंदांचं काम. पण छतावरच्या कॅमेऱ्याला ते जमणार नाही. आणि छापील भावापेक्षा जास्त घेणं वजनमापे कायद्याखाली बेकायदा, तेव्हा चुकीचा भुर्दंड दुकानदारावर. २२ सप्टेंबर २०२५ला टूथपेस्ट, शाम्पू, साबण यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या छपाईचा माल, नव्या भावाचे स्टिकर लावलेला माल आणि नवी छपाई, असं तिन्ही शेजारी शेजारी होतं. त्या दिवसांत गल्ल्यावर माणूस नसता तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

यावर उपाय नाही असं नाही. बॅच आणि एक्सपायरी सांगणारे क्यूआरसारखे कोड येत आहेत, आणि २०२७च्या अखेरीपर्यंत दुकानांचे स्कॅनर त्यांना तयार असावेत असा बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेचा जगभर प्रयत्न आहे. बॅच कळली की एमआरपी जुळवता येईल. तोवर माणूसच.

सुट्या मालाचं वेगळं. काट्यावर डाळ ठेवली की लेबल निघतं. त्यावरचा कोड २० ते २९ यापैकी कशानेतरी सुरू होतो, कारण हे आकडे दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखलेले आहेत. समजा कोड आहे २१०४५३१००७५०२. २१ म्हणजे दुकानाचं लेबल, ०४५३१ हा मालाचा नंबर, ००७५० म्हणजे पाऊण किलो, शेवटचा २ हा पडताळणीचा आकडा. (मांडणी दुकानागणिक बदलते, काही जण वजनाऐवजी रक्कम घालतात.) पडताळणीचा आकडा स्कॅनिंगची चूक पकडतो; काट्यावरच्या मुलाने तुरीऐवजी मसुरीचा नंबर दाबला असेल तर ती चूक बिनबोभाट पुढे जाते. गल्ल्यावरची बाई लेबल आणि पिशवी एकदमच बघते, आणि तिथेच अडवते.

कपडे आणि खेळसाहित्याच्या दुकानांत मात्र हे प्रश्न बरेच सुटलेत. डेकॅथलॉनमध्ये टोपलीत सगळं टाकलं की बिल तयार, कारण प्रत्येक वस्तूवर आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी लांबूनच वाचता येणारी) आहे. हजाराच्या बुटांना चिपचे काही रुपये जड नाहीत. पाच रुपयांच्या बिस्किटाला ते परवडणार नाही. आणि पाण्याची बाटली किंवा धातूचा डबा असेल तर पाणी-धातूपायी लहरी नीट पोचत नाहीत, हा आणखी एक ताप.

तरीही मुंबई-पुण्यात कॅशिअर नसलेलं किराणा दुकान कधीच सुरू झालंय: दहा-पंधरा मिनिटांत माल पोचवणाऱ्या ॲपवाल्यांचं डार्क स्टोअर. तिथे गिऱ्हाइकालाच आत प्रवेश नाही. ऑर्डर पडली की पिकरच्या, म्हणजे माल उचलणाऱ्याच्या, फोनवर खणाचा नंबर येतो, पिकर खण आणि वस्तू स्कॅन करतो, पॅकर पिशवी बांधतो, रायडर नेतो. जुना-नवा एमआरपी वेगळा ठेवायचं काम माल आत घेतानाच करावं लागतं. गल्ल्यावरची एक खुर्ची गेली आणि तिच्या जागी तीन माणसं धावायला लागली. त्यांतल्या रायडरला तर बहुतेकदा ठरलेला पगारही नाही, फेरीमागे पैसे. रोजगार गेला की वाढला, असा वाद घालणाऱ्यांनी आधी हे बघावं, की बसून करायचं, महिन्याचा पगार असलेलं काम गेलं आणि घड्याळाच्या काट्यावर पळायचं काम आलं.

आपलं सुपरमार्केट असेल आणि कोणी सेल्फ चेकआउट विकायला आला, तर सही करण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. कॅशिअरला दर बिलात काय हाताने करावं लागलं ते लिहायला सांगा: एमआरपी निवडला, कोड टाइप केला, वस्तू रद्द केली, बिल होल्डवर टाकलं, यूपीआयचे पैसे कापले गेले पण मशीनवर आले नाहीत. दहा बिलांत तीन ठिकाणी जरी असा हात लागत असला, तरी चार यंत्रांमागे एक माणूस दिवसभर उभा ठेवावा लागेल, आणि दारावर बिल तपासून शिक्का मारणारा वेगळा. विकणाऱ्याच्या कोटेशनमध्ये या दोघांचा पगार धरलेला आहे का, ते विचारा.