डिस्क मेलेली नाही हो!

पुन्हा तेच! कम्प्युटरच्या फर्मवेअरचं, म्हणजे मदरबोर्डमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट आपणहून उतरलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’. अहो, डिस्क धडधाकट आहे! अपडेटने बायोसच्या (त्याच फर्मवेअरच्या) सेटिंग्ज मूळपदावर नेल्या, डिस्कशी बोलायची पद्धत ठरवणारा स्टोरेज मोड ‘एएचसीआय’वरून ‘रेड’वर (RAID) गेला, एवढंच. मोड पूर्ववत केला की विंडोज उठतं. पण हे ठाऊक नसलेला दुरुस्तीवाला दुकानदार सरळ फॉरमॅट मारतो, म्हणजे डिस्क पुसून टाकतो. फोंड्यातल्या आमच्या शेजारच्या वहिनींच्या लेकीचे बारशापासूनचे फोटो असेच गेले. संताप होतो नुसता!

त्यातून सुटलात तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, आडवा येतो. फर्मवेअर बदललं की टीपीएम या सुरक्षा चिपमधली नोंद जुळत नाही, आणि निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतो. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, हे सामान्य माणसाला कोण सांगणार? ‘आधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरता बंद) करा’ एवढं एक वाक्य ठळक टाकायला काय जातं या अपडेटवाल्या कंपन्यांचं?

आणि आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. अपडेट अर्ध्यावर असताना गेली तर अख्खा मदरबोर्ड कामातून जाऊ शकतो. लॅपटॉपला निदान बॅटरी असते, डेस्कटॉपवाल्यांनी करायचं काय?