इंजेक्शन इंजिनला थंडीत प्रीहीट (चालू करण्याआधी इंजिन गरम करणं) लागत नाही? अर्धवट फॉरवर्ड आहे ते

आमच्या घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपवर कालपासून फिरतंय की घरी बनवलेल्या विमानात फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवलं की कितीही थंडीत बटण दाबा नि उडा, कंप्युटर सगळं बघतो. माझा भाचा कॅनडात कॅल्गरीला गॅरेजमध्ये किटचं विमान जोडतोय म्हणून हे लिहितोय, नाहीतर इथे पारा 16 वर आला की आपण कानटोप्या काढणारी माणसं.

कार्बोरेटरमध्ये बर्फ धरायची भानगड इंजेक्शनमध्ये नाही, तेवढं बरोबर. पण कंप्युटर बघणार ते पेट्रोल किती सोडायचं ते, ऑइल थोडीच गरम करणार? उणे 15 ला डिपस्टिक बाहेर काढली की ऑइल काकवीसारखं हळूहळू ओघळतं, बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो, वर ॲल्युमिनियमची क्रँककेस, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, आत फिरणाऱ्या स्टीलच्या शाफ्टपेक्षा जास्त आकसते म्हणून बेअरिंगमधली जागा अजून कमी होते. इंजिन चालू होईलही हो, पण आतून घासून निघेल. विमानाची इंजिनं बनवणारी लायकॉमिंग कंपनी स्वतःच सांगते, बहुतेक मॉडेल्सना उणे 12 सेल्सिअसखाली प्रीहीट करा, काहींना तर उणे 7 लाच.

आणि सगळ्या इंजेक्शनमध्ये कंप्युटर असतो हेही खोटं, विमानात जुनी मेकॅनिकल सिस्टीम भरपूर चालते, तिथे बूस्ट पंप (पेट्रोल ढकलणारा विजेचा पंप) लावून प्राइम, म्हणजे चालू करण्याआधी थोडं पेट्रोल आत सोडणं, पायलटच करतो. घाईत जास्त झालं तर पेट्रोल इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) साचतं, बॅकफायर होऊन ज्वाला उलटी आली की आग. कंप्युटरवाल्यात बॅटरी थंडीने मेली की पंपही बंद नि इंजेक्टरही.

भाचा रात्रभर हीटर लावून काउलिंगवर (इंजिनवरच्या झाकणावर) जुनी रजाई टाकतो, आजीने शिवलेली.