दहापैकी चार

"दहापैकी चार? अगं, तिथे कशाला घातलंस पोरीला?" आमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका ताईंनी सगळ्यांदेखत विचारलं. घर शोधायच्या साइटवर घराच्या फोटोखाली शाळेचं रेटिंग येतं ना, ते बघून. उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, इथेच टाकावं.

माझी मुलगी चार्टर शाळेत जाते. भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण आपला कारभार आपण बघणारी शाळा. फी नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी. पहिला कायदा मिनेसोटाचा, १९९१ चा. कॅलिफोर्नियाचा त्याच्या पुढच्याच वर्षी. आमची शाळा अगदी लहान, एका इयत्तेची एकच तुकडी.

आता त्या चाराकडे येऊ. असं रेटिंग बरंचसं परीक्षेच्या निकालांवरून काढतात. समजा, वर्गात २० मुलं आहेत. म्हणजे एक मूल झालं ५ टक्के. काठावरची दोन पोरं परीक्षेच्या दिवशी सर्दीने बेजार असली की शाळेचा निकाल १० टक्क्यांनी 'घसरला'. बाई त्याच, पुस्तकं तीच. पुढच्या वर्षी तो तितकाच 'सुधारतो' आणि मग सगळे पेढे वाटतात. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या शाळांचे आकडे मांडून दाखवलं होतं की सगळ्यात वरच्या शाळांत लहान शाळांचा भरणा जास्त, आणि सगळ्यात खालच्यांतही लहान शाळांचाच. त्याआधी गेट्स फाउंडेशनने शाळा लहान करण्यावर प्रचंड पैसा ओतला होता. यादीचं फक्त वरचं टोक बघितलं की असंच होणार.

दुसरं, वर्गात बसलंय कोण? आमच्या शाळेच्या निकालाच्या तक्त्यात 'एशियन' असा एक रकाना आहे. त्यात माझी मुलगी आहे, जिचे आईबाप दोघंही इंजिनिअर. त्याच रकान्यात तिची ह्मोंग मैत्रीण आहे. १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांची ही नातवंडं. सॅक्रामेंटो आणि फ्रेस्नोत त्यांची मोठी वस्ती आहे. या दोघींच्या गुणांची सरासरी काढून कुणाला काय कळणार? शिवाय १० किंवा त्याहून कमी मुलं असलेल्या गटाचा निकाल राज्य दाखवतच नाही, तिथे नुसती चांदणी (*). मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्यासारख्या शाळेचा तक्ता म्हणजे चांदण्यांनी भरलेलं आभाळ.

भाषेची गंमत तर स्वतः भोगलीय. प्रवेशाच्या फॉर्मवर 'घरात कोणती भाषा बोलता' असं विचारतात. मी अभिमानाने 'मराठी' लिहिलं. लगेच मुलीची इंग्रजीची परीक्षा, आणि बाईसाहेब इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात! (ग्रुपवरच्या अनुभवी आया 'इंग्लिश' लिहून मोकळ्या होतात, हे मला नंतर कळलं. मी पुन्हा लिहीन तर मराठीच लिहीन.) इंग्रजी नीट यायला लागलं की मुलाला त्या गटातून बाहेर काढतात. म्हणजे तयार झालेली मुलं बाहेर, नवी कच्ची मुलं आत, आणि मग 'या गटाचा निकाल वर्षानुवर्षं कमीच' अशी ओरड. तो कमीच राहणार हो.

तिसरी गोष्ट, गेलं कोण? माझ्या गावच्या शाळेबाहेर दर जूनमध्ये फ्लेक्स लागायचा, 'दहावीचा निकाल १०० टक्के'. नववीत डगमगणाऱ्या पोरांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावायचे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. इथे सरळसरळ तसं नाही, पण न्यूयॉर्कची सक्सेस अकॅडमी ही नामांकित चार्टर साखळी बरीच वर्षं चौथीनंतर नवीन मुलं घेत नव्हती. तिचे निकाल डोळे दिपवणारे आहेत, मेहनतही आहे. तरी गेलेल्या मुलाची जागा रिकामी ठेवणारी शाळा आणि काल देशात आलेल्या मुलाला फेब्रुवारीत वर्गात बसवणारी शाळा, दोघींना एकच फूटपट्टी कशी लावायची?

तुलना करायचीच तर सारख्या मुलांची करावी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधकांच्या गटाने तसं केलंय: चार्टरमधलं मूल आणि जवळच्या सरकारी शाळेतलं त्याच्यासारखंच मूल. त्यांच्या २०२३ च्या अहवालात चार्टरची मुलं सरासरीने वाचनात १६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे, गणितात ६. ऑनलाइन चार्टरची मात्र गणितात १२४ दिवस मागे. म्हणजे 'चार्टर' या पाटीवरूनही काही ठरत नाही.

आणि हो, 'मुलं गरिबाघरची, मग निकाल असाच लागणार' हेही मला पटत नाही. ही सबब देणाऱ्या शिक्षकांचा मला ताईंच्या प्रश्नापेक्षा जास्त राग येतो. आमच्या शाळेचं गणित ढिलं आहे. मी मीटिंगमध्ये दोनदा बोलले, तिसऱ्यांदाही बोलणार आहे. पण ते मला वहीवरून कळलं. सप्टेंबरची वही आणि मार्चची वही शेजारी ठेवली. वाचनात पोरगी केवढी पुढे गेली होती, आणि अपूर्णांकात जिथे होती तिथेच.

सध्या मी दुसऱ्याच आकड्याच्या मागे आहे. २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियात सगळ्या मुलांना जेवण फुकट मिळतं. उत्तमच. पण त्यामुळे जेवणासाठी उत्पन्नाचा फॉर्म भरायची गरज संपली, आणि गरीब मुलं किती हे मोजायला शाळेला वेगळा फॉर्म वाटावा लागतो. तो भरायचा लोक कंटाळा करतात, काहींना भीतीही वाटते. शाळांना पैसे देण्याच्या राज्याच्या २०१३ च्या सूत्रानुसार अशा प्रत्येक मुलामागे मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात. फॉर्म आला नाही तर ते मूल कागदावर गरीब नाही, आणि शाळेला तेवढे पैसे नाहीत. म्हणून रोज सकाळी गेटवर क्लिपबोर्ड घेऊन उभी असते. काल एका आजींना इंग्रजी येत नव्हतं, मला ह्मोंग येत नव्हतं. शेवटी त्यांच्या तिसरीतल्या नातीने प्रश्न वाचून दाखवले, आजींनी बोटांवर मोजून घरातली माणसं सांगितली, सही केली. नऊ माणसं.