‘कृष्णाकाठ’ वाचताना मुंबईकराला पडलेले प्रश्न

दादरच्या वाचनालयातून यशवंतराव चव्हाणांच्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राची जुनी प्रत आणली. आधीच्या कुणा वाचकानं तिच्यात पेन्सिलीनं भरपूर रेघा मारल्यात. देवराष्ट्रे गावातल्या बालपणावर रेघा, आईच्या आठवणींवर रेघा, आणि शाळेतल्या त्या प्रसिद्ध प्रसंगावर तर दुहेरी रेघा. गुरुजींनी विचारलं, कोण होणार? मुलानं लिहून दिलं, यशवंतराव चव्हाण होणार. ‘निवड’ या शेवटच्या भागात मात्र एकही रेघ नाही. आंदोलनातला कार्यकर्ता सत्तेच्या दारात येऊन उभा राहतो तो हा भाग, आणि नेमका तोच कुणी थांबून वाचलेला दिसत नाही.

यशवंतरावांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हे लिहितोय. आपण नेत्यांची आत्मचरित्रं पोथीसारखी वाचतो, आणि ते त्या माणसावरही अन्याय करणारं आहे असं माझं ठाम मत आहे.

तो शाळेतला प्रसंगच घ्या. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो सांगणारा माणूस सत्तरी गाठलेला आहे. मुख्यमंत्रीपद, संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, उपपंतप्रधानपद, एवढं सगळं पाहून तो मागे वळून बघतोय. पुढं काय घडलं ते माहीत असलेला माणूस लहानपणातलं काय आठवतो आणि काय विसरतो, हे वाचकानं मनात ठेवायला नको का? असे प्रसंग भाषणात शोभतात, शाळेच्या पुस्तकात शोभतात. त्यावरून माणूस कळला असं मात्र होत नाही.

माणूस कळतो तो दुसऱ्या पानांवर. भाऊ गणपतराव सत्यशोधक चळवळीकडे ओढलेले आणि धाकटा यशवंत काँग्रेसकडे निघालेला, ती ओढाताण वाचा. विरोधी मत आपल्याच घरात, आपल्याच मायेच्या माणसाचं आहे, म्हणून तिथं लेखकाला सोपं उत्तर देता येत नाही. किंवा १९४२. जूनमध्ये लग्न, ऑगस्टनंतर नवरा भूमिगत, आणि लग्नानंतरची पहिली संक्रांत वेणूताईंनी अटकेत काढली. घरानं मोजलेली ही किंमत त्यांनी लपवलेली नाही. ही पानं कितीही उलटतपासणी केली तरी टिकतात.

पण पुस्तक थांबतं १९४६ला. निवडणूक जिंकून संसदीय चिटणीस म्हणून मुंबईला निघेपर्यंतची ही हकीकत. पुढचे खंड लिहायचे होते, ते राहून गेले. पुस्तक आलं १९८४ साली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ते गेले. म्हणजे ज्या मुंबईत त्यांनी राज्य चालवलं, त्या मुंबईबद्दल त्यांच्या आत्मचरित्रात जवळपास काही नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आपला आहे, कारण सत्तेआधीची वर्षं वाचून आपण अख्खा नेता वाचल्याचं समाधान मानतो.

मुंबईकर म्हणून माझे प्रश्न सगळे त्या न लिहिलेल्या पानांतले आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, आणि त्यानंतर काही दिवसांतच, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यात निवड करायची तर आपण नेहरूंच्या बाजूचे, असं यशवंतराव फलटणला बोलून गेले. का बोलले? पक्षनिष्ठा, की दिल्लीला सोबत ठेवूनच मुंबई मिळेल हा हिशेब? जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, पुन्हा गोळ्या सुटल्या, तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं होतं? १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रानं काँग्रेसला झोडपलं आणि कराडला ते स्वतः थोडक्यात वाचले. त्या निकालानं त्यांना बदललं का? १ मे १९६०चा मंगल कलश सगळ्यांना आठवतो. त्याआधीच्या पाच वर्षांचा जबाब त्यांच्या तोंडून आत्मचरित्रात यायला हवा होता. आणीबाणीचंही तेच. मंत्रिमंडळात ते परराष्ट्रमंत्री होते. गप्प का राहिले, हे त्यांच्याच शब्दांत वाचायला मी काहीही दिलं असतं.

१९६५च्या युद्धातली त्यांची रोजनिशी पुढं त्यांचे सचिव राम प्रधान यांच्यामुळं लोकांसमोर आली. घटना घडत असताना केलेली नोंद आणि वीस-चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांचं वजन सारखं नसतं. नेत्यांनी रोजनिशा लिहाव्यात आणि वारसांनी त्या कपाटात न ठेवता छापाव्यात, असं मला फार वाटतं.

हयात नेत्यांच्या बाबतीत तर आपण वाचायचे कष्टही घेत नाही. २ मे २०२३ला मुंबईत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या सभागृहात शरद पवारांच्या ‘लोक माझे सांगाती’ची सुधारित आवृत्ती आली. त्याच मंचावरून त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं सांगितलं, आणि तीन दिवसांनी निर्णय मागे घेतला. चॅनेलवर दिवसरात्र राजीनामाच. पुस्तकातली दोन-चार वाक्यं बातमीपुरती उचलली गेली, बाकीच्या पानांवर नीट वाद झालाच नाही. इतकी वर्षं सत्तेत राहिलेला माणूस स्वतःची बाजू छापून देतो, तेव्हा विरोधकांनी आणि समर्थकांनीही ती ओळीओळीनं तपासायला हवी होती.

माझी पद्धत सांगतो. एकाचं पुस्तक एकटं वाचायचं नाही. ‘कृष्णाकाठ’मध्ये न आलेल्या १९५५-५६साठी त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे नेते एस. एम. जोशी यांचं ‘मी एस. एम.’ ठेवा. ज्यांच्या मुख्यमंत्रीपदाच्या काळात गोळ्या सुटल्या त्या मोरारजींचं आत्मचरित्रही ठेवा, राग आला तरी ठेवा. आणि चिंतामणराव देशमुखांचं इंग्रजी आत्मचरित्र विसरू नका. कुलाब्यातून निवडून गेलेला हा अर्थमंत्री मुंबईच्या प्रश्नावर आणि गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीच्या मागणीवर १९५६ साली राजीनामा देऊन बाहेर पडला. त्याच काँग्रेस सरकारांत, त्याच महिन्यांत, एक मराठी नेता बाहेर पडला आणि दुसरा आत राहिला. आत राहिलेल्याच्या हाती पुढं राज्य आलं. दोघांपैकी कुणाचा निर्णय मुंबईच्या जास्त उपयोगी पडला, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. ज्यांनी ही पुस्तकं वाचली आहेत त्यांनी खाली लिहा, आणि शक्य असेल तर पान क्रमांकासकट लिहा.