परदेशातून : मोजे घालून निंदण

अमेरिकेत कनेक्टिकटला आमच्या घरामागच्या पायवाटेवर गोचिडीच्या चित्राची पाटी आहे. मे उजाडला की शाळेतून चिठ्ठी येते : मुलं गवतातून खेळून आली की काखेत, कानामागे, गुडघ्याच्या लवणीत बघा. पहिल्या वर्षी मला हसूच आलं होतं. आमच्याकडे गोचीड म्हणजे म्हशीच्या कानातून उपटून चुलीत टाकायची वस्तू.

लाइम गाव इथून पाऊण तासावर. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे गुडघे सुजू लागले, तेव्हा आयांनीच आरोग्य खात्यामागे लकडा लावला. मग गोचीड चावून होणाऱ्या त्या आजाराला गावाचंच नाव पडलं.

गेल्या पावसाळ्यात यवतमाळकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर स्क्रब टायफसवरून, म्हणजे गवतातला किडा चावून येणाऱ्या तापावरून, जुंपली. अर्धे म्हणत, ग्रामपंचायतीनं फवारणी करावी. अर्धे म्हणत, लोकांनीच घरामागचं गवत काढावं. मी शहाणपणानं इथलं गोचिडीचं पत्रक मराठीत करून टाकलं : पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचा. चुलतभावानं लिहिलं, "बायायनं मोजे घालून निंदाले जावं काय?"

सोयाबीनमधला चिखल आठवला आणि गप्प बसले. फवारणीचं म्हणाल, तर २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, आणि मास्क घातला नाही म्हणून वर त्यांनाच बोल लावला गेला. त्याच जिल्ह्यात पुन्हा फवारणीच सुचावी?

स्क्रब टायफस तसा गोचिडीचा नव्हे, तिच्या भाऊबंदांपैकी एका बारीक कोळीकिड्याच्या पिल्लाचा. ते डोळ्याला जेमतेम दिसतं, चावलेलं कळत नाही. आठ-दहा दिवसांनी ताप चढतो. कित्येकांना चावल्या जागी बिडीचा चटका बसल्यागत काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि असते काखेत, जांघेत, स्तनाखाली. डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्या वेळेत मिळाल्या तर माणूस लवकर सावरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू काहीही धरतं. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भानं हे पाहिलं आहे.

आमच्या काकूचा ताप आठ दिवस चालला. सलाइन झालं, डेंगूची तपासणी झाली, प्लेटलेट मोजून झाले. नागपूरला एका नर्सनं लुगडं बदलताना परकराच्या नाडीखाली खपली पाहिली. "दाखवलं काहून नाही?" मी फोनवर विचारलं. "इचारलं कोनं? अन् डाक्टरले कंबर उघडून दाखवू काय?"

माझं म्हणणं एवढंच की इथले मोजे तिथे नेऊ नयेत, बघायची सवय न्यावी. तापाच्या बाईला आशाताईनं आडोशाला नेऊन खपली आहे का पाहावं, आणि डॉक्टरनं "शेतात होत्या का?" हे आधी विचारावं. आमच्याकडच्या भिंतींवर अजून फक्त डासाचं चित्र आहे.

इथेही सगळं आलबेल नाही, बरं का. माझ्या मांडीवरचा लाल चट्टा पहिल्या डॉक्टरनं ॲलर्जी म्हणून वाटेला लावला. बिल मात्र घसघशीत आलं. दुसऱ्यानं लाइम ओळखला, आणि गोळ्या दिल्या त्या डॉक्सिसायक्लिनच्याच.

काकू आता पुन्हा निंदाला जाते. परवा विचारलं, रात्री अंग पाहून घेतेस ना?

"सून पायते. तू तुह्यं पाय."