‘वाशी बुद्रुक’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

देशांना नवी नावं सुचवणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत. ठाणे-पनवेल लोकलमधल्या आमच्या ग्रुपने नेदरलँड्सचं ‘वाशी बुद्रुक’ आणि व्हॅटिकनचं ‘रोम खुर्द’ केलं, ते तुम्हाला झोंबलं. देशाचं नाव हा टिंगलीचा विषय नाही, उरणजवळच्या जासईत माणसं गेली, नवी मुंबईच्या विमानतळाच्या नावासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो, लेख काढून टाका, असं तुमचं म्हणणं.

जासईचं आधी बोलतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या हक्कासाठी लढताना पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील. २४ जून २०२१ ला बेलापूरला जी गर्दी लोटली, ती त्यांचं नाव विमानतळाला मिळावं म्हणून. ज्यांच्या शेतांवर हे शहर उभं राहिलं, त्यांनी मागितलेलं ते नाव आहे. त्यावर मी विनोदाचं अक्षर लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही.

पण तिथून तुम्ही एकदम ‘नावांवर हसूच नये’ इथे पोचलात, ते मला मान्य नाही. कॅनडाचंच बघा. १८६० च्या दशकात तीन ब्रिटिश वसाहती एकत्र यायच्या होत्या आणि नव्या देशाला काय म्हणायचं यावर नावांचा नुसता पाऊस पडला. बोरिएलिया, व्हेस्पेरिया, कॅबोटिया, उर्सालिया, होशेलागा, इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं ‘ट्युपोनिया’, आणि इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड वगैरेंची आद्याक्षरं चिकटवून ‘एफिस्गा’! ९ फेब्रुवारी १८६५ ला थॉमस डार्सी मॅकगी विधिमंडळात उभे राहिले आणि सदस्यांना विचारलं, एका सकाळी उठून आपण कॅनेडियन नसून ट्युपोनियन किंवा होशेलागँडर झालोय असं कळलं तर तुम्हाला कसं वाटेल? हे मॅकगी या एकत्रीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. १८६७ मध्ये देश झाला आणि १८६८ च्या एप्रिलमध्ये ओटावात त्यांचा गोळी घालून खून झाला. त्यांना देशाची किंमत नव्हती असं तुम्ही म्हणाल का? त्यांना ती होती, म्हणूनच ट्युपोनिया त्यांना सहन होईना, आणि ते सांगायला त्यांनी चेष्टेचा आधार घेतला.

आपल्याकडेही १८ सप्टेंबर १९४९ ला घटना समितीत देशाच्या नावावर चर्चा झाली तेव्हा समितीचे सदस्य ह. वि. कामत यांनी नामकरण विधीचाच दाखला दिला होता. भारत, हिंदुस्थान, हिंद, भारतभूमी, भारतवर्ष अशी सुचवलेली नावं त्यांनी सभागृहापुढे ठेवली. नावाच्या कलमात त्यांनी सुचवलेली दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. आपल्या बारशात आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या धपाट्यांनी बाळाचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही.

कुठे थांबायचं ते मलाही कळतं. मॅसिडोनियाच्या नावाला ग्रीसचा आक्षेप होता, म्हणून १९९३ मध्ये त्यांना ‘द फॉर्मर युगोस्लाव्ह रिपब्लिक ऑफ मॅसिडोनिया’ या तात्पुरत्या ओळखीवर संयुक्त राष्ट्रांत घेतलं. तिथे देश इंग्रजी वर्णक्रमाने बसतात; ‘एम’खाली बसवायला ग्रीसचा विरोध, ‘एफ’खाली बसायला यांचा नकार, शेवटी ‘द’चा ‘टी’ धरून थायलंडच्या शेजारी खुर्ची दिली. २०१९ मध्ये ‘उत्तर मॅसिडोनिया’ होईपर्यंत हेच चाललं. ती नामुष्की दुसऱ्यांनी लादलेली होती, म्हणून लेखात मॅसिडोनियाला मी हात लावला नाही.

वाशी बुद्रुकमध्ये मात्र कुणालाच खाली दाखवलेलं नाही. नेदरलँड्सचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली, बांध आणि पंपांवर तगलेला. त्यांच्याच पद्धतीवरून आपल्याकडे होल्डिंग पॉन्ड, म्हणजे पावसाचं पाणी थोपवायची तळी, बांधली. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत उतरतं. वाशीतल्या माणसाने त्या देशाला ‘बुद्रुक’ म्हटलं तर थोरलेपणाचा मान त्यांनाच दिला ना?

म्हणून लेख काढणार नाही. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांनी बेलापूर, नेरूळच्या सेक्टरांना ठेवलेली नावं मात्र मला हवी आहेत. आठवतील तशी इथेच लिहा, पुढच्या लेखात घेतो.