"सगळीकडं ओपनएसएसएलच टाका" हे मला का पटत नाही

संभाजीनगरच्या डेव्हलपर पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरायलाय: नेटवर्किंग लायब्ररीत चार-पाच एनक्रिप्शन बॅकएंड (आतून एनक्रिप्शनचं खरं काम करणाऱ्या लायब्ररी) ठेवणं म्हणजे फुकटचा ताप, टीएलएस (एचटीटीपीएसच्या मागची एनक्रिप्शनची पद्धत) सगळीकडं सारखंच, ओपनएसएसएल (ती पद्धत राबवणारी एक लायब्ररी) कुठंबी चालतं, कोड कमी तर बग कमी.

"टीएलएस सारखंच." वायरवर सारखं, कबूल. पण समोरच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे त्याच्या ओळखपत्रावर, भरवसा ठेवायचा का नाही हे कोण ठरवतंय? वाळूजच्या एका कंपनीत फायरवॉल सगळं एचटीटीपीएस उघडून तपासायचा, त्याचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं खरी मानतात) आयटीवाल्यांनी विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये टाकलेलं. विंडोजचं स्वतःचं एसचॅनेल (त्याची टीएलएस लायब्ररी) तिथनंच वाचतं म्हणून बाकी सगळं चालू, आणि आपली सीए फाइल (भरवशाच्या रूटची यादी) सोबत घेऊन आलेलं ॲप तेवढं "सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड" म्हणून अडलेलं. मग पोरं काय करतात, व्हेरिफिकेशनच बंद करतात आणि तोच कोड प्रॉडक्शनला जातो, हे बघून जीव जळतो राव. गिट फॉर विंडोज (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करताना ओपनएसएसएल पाहिजे का विंडोजची लायब्ररी असं विचारतं, ते उगाच नाही.

"कोड कमी तर बग कमी." एप्रिल 2014 चं हार्टब्लीड आठवा, ओपनएसएसएलमधला मेमरीतला डेटा बाहेर गळवणारा बग. ओपनएसएसएल 1.0.1 ते 1.0.1एफ सगळं उघडं पडलं, एसचॅनेल आणि जीएनयूटीएलएस या दुसऱ्या लायब्ररींना धक्का नाही. आणि ॲपच्या आत भरलेलं ओपनएसएसएल विंडोज अपडेटनं पॅच होत नाही, नवा बिल्ड तुम्हालाच द्यावा लागतो. जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या कोपऱ्यातल्या पीसीवर तो कोण टाकणार?

"कुठंबी चालतं." शेतातल्या मोटारीच्या कंट्रोलरमध्ये ईएसपी32 ही छोटी चिप असतीय, रॅम 520 केबी, तिच्या एसडीकेमध्ये (प्रोग्रॅम लिहायच्या संचात) एम्बेडटीएलएस ही छोटी लायब्ररीच येते. तिथं ओपनएसएसएल कोंबायचा हट्ट कशाला?

ताप आहे हे मात्र खरंय. क्लायंट सर्टिफिकेट एकीकडं पेम फाइलीत (साध्या मजकुराच्या), दुसरीकडं विंडोजच्या स्टोअरमध्ये, एरर कोड सगळ्यांचे वेगळे. टीएलएस 1.3 चा आरएफसी (अधिकृत मानक) 2018 लाच आला, ॲपलच्या सिक्युअर ट्रान्सपोर्ट लायब्ररीत ते आलंच नाही, म्हणून कर्लनं (नेटवरनं डेटा आणणारं-पाठवणारं टूल) 2025 मध्ये तो बॅकएंड काढून टाकला. बरोबरच केलं. पण मागं पडलेला बॅकएंड काढणं वेगळं आणि निवडच बंद करणं वेगळं. त्याच कर्लमध्ये 2017 पासून एकाच बिल्डमध्ये अनेक बॅकएंड ठेवून सुरू होताना एक निवडता येतो.

तेव्हा मधला इंटरफेस पातळ ठेवा, आणि मुदत संपलेलं सर्टिफिकेट, चुकीचं होस्टनेम, अनोळखी रूट या तीन टेस्ट प्रत्येक बॅकएंडवर चालवा. तिन्ही कनेक्शन नाकारली गेलीच पाहिजेत, एक जरी सुटलं तरी रिलीज थांबवा.